काळ्या दोऱ्याचा इतिहास : विजय भट्ट आणि मुंबईचा अदृश्य माणूस

गोरेगाव म्हटले की मुंबई-पुण्याकडच्या माणसाला फिल्मसिटी आठवते. एखाद्या चर्चासत्रात ओळख करून देताना मी गावाचे नाव घेतले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'पूर्व की पश्चिम?' माझे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर आमच्या पत्त्यावर 'जिल्हा परभणी' असे लिहावे लागे. मुंबईच्या गोरेगावात १९४३ पासून फिल्मिस्तान होते आणि १९७७ मध्ये चित्रनगरी आली. आमच्या गोरेगावाने सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून, पडद्याच्या अलीकडून आणि गर्दी झाली तर पलीकडूनही. सिनेमा तयार करणारे ते गोरेगाव आणि तो पाहणारे हे गोरेगाव यांच्यामध्ये एक दोरा ताणलेला आहे आणि त्याचा रंग काळा आहे. या लेखात मी त्या दोऱ्याचा माग काढणार आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. तंबूतल्या सिनेमात गदा आपोआप फिरे, बाण हवेत एकमेकांना भिडत, मारुतीराय डोंगर उचलून उडत. दुसऱ्या दिवशी वर्गात मुले विचारत, 'सर, ते उडाले कसे?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर सिनेमाच्या तंत्राचा इतिहास वाचणे भाग होते. तो वाचता वाचता मी एका निर्मात्यापाशी येऊन थांबलो. विज्ञानकथेचा निर्माता म्हणून त्याचे नाव आज कोणी घेत नाही. त्याचे नाव विजय भट्ट.

वीजकंपनीतला आरेखक

विजय भट्ट आपल्याला माहीत आहेत ते 'रामराज्य' (१९४३) आणि 'बैजू बावरा' (१९५२) यांमुळे. 'रामराज्य' हा गांधीजींनी पाहिलेला हिंदी चित्रपट म्हणून प्रसिद्ध आहे; १९४४ साली जुहूला त्यांच्यासाठी त्याचा खेळ झाला होता. 'बैजू बावरा'ने मीनाकुमारी आणि नौशाद यांना पहिल्याच फिल्मफेअर पुरस्कारांचा मान मिळवून दिला. महजबीन नावाच्या लहान मुलीला 'बेबी मीना' हे पडद्यावरचे नाव दिले तेही विजय भट्टांनीच. मराठीशी त्यांचे नाते जवळचे होते. १९४२ च्या 'भरत मिलाप'ची 'भरत भेट' ही मराठी आवृत्ती निघाली, 'रामराज्य'ही मराठीत झाला. शोभना समर्थ, दुर्गा खोटे, शाहू मोडक हे त्यांचे कलावंत आणि कोल्हापूरचे शंकरराव व्यास त्यांचे संगीतकार. आमच्या आजोबांच्या पिढीने राम पाहिला तो प्रेम अदीबच्या चेहऱ्याचा.

१२ मे १९०७ रोजी सौराष्ट्रातल्या पालिताण्यात जन्मलेला हा माणूस भाऊ शंकरभाईंबरोबर मुंबईत आला. तिथे विजेचे शिक्षण घेऊन तो वीज आणि ट्राम चालवणाऱ्या कंपनीत लागला आणि आरेखकाचे काम करू लागला. म्हणजे तारा कुठून कुठे जातात याचे नकाशे काढणे हा त्याचा पहिला धंदा. पुढे सिनेमासाठी गोष्टी लिहिण्यापासून सुरुवात करत भट्ट बंधूंनी 'प्रकाश पिक्चर्स' ही संस्था काढली. अंधेरीला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. वीजकंपनीतून आलेल्या माणसाने आपल्या संस्थेचे नाव 'प्रकाश' ठेवावे, हे मला फार बोलके वाटते.

या प्रकाश पिक्चर्सने १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक खुद्द विजय भट्ट, नायक जयंत, नायिका सरदार अख्तर. त्याचे मूळ होते एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या १८९७ च्या कादंबरीवर हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३३ साली काढलेल्या चित्रपटात. वेल्सचा अदृश्य माणूस अशा रीतीने कादंबरीनंतर ४० वर्षांनी आणि अमेरिकन चित्रपटानंतर अवघ्या ४ वर्षांनी अंधेरीत पोहोचला. त्या काळात मराठी-हिंदी पडदा संत, देव, राजे आणि चाबूकवाल्या वीरांगना यांनी भरलेला होता. १९३५ ची 'हंटरवाली' आणि १९३६ चा 'संत तुकाराम' हे त्या पडद्याचे दोन खांब. त्यांच्या मध्ये एका निर्मात्याने विज्ञानकथेला हात घातला, ही गोष्ट आपल्या चित्रपटेतिहासात एका ओळीवर संपते. तिचा विचार थोडा अधिक व्हायला हवा.

दोरा दिसत का नाही

अमेरिकन चित्रपटातली किमया जॉन फुल्टन या तंत्रज्ञाची. तिचे तत्त्व आठवीच्या मुलालाही समजेल. काळ्या वस्तूवरून प्रकाश परत येत नाही. प्रकाश आला नाही की फिल्मच्या निगेटिव्हवर त्या जागी काहीच उमटत नाही. नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळे मखमली कपडे चढवले, त्यावर नेहमीचा शर्ट-पँट घातला आणि काळ्या मखमलीच्या भिंतीपुढे उभे केले, तर कॅमेऱ्याला दिसतो फक्त चालता-बोलता शर्ट. डोके गायब, हात गायब. हे चित्र मग खोलीच्या वेगळ्या चित्रावर प्रयोगशाळेत बसवायचे. काम किचकट, महागडे आणि वेळखाऊ.

अंधेरीत एवढी यंत्रे नव्हती. तिथे होता सुरतेहून आलेला, पोस्टरे आणि पडदे रंगवणारा एक पोरगा. बाबूभाई मिस्त्री हे त्याचे नाव, जन्म ५ सप्टेंबर १९१८ चा. म्हणजे 'ख्वाब की दुनिया'च्या वेळी वय १८-१९. विजय भट्टांनी त्याला तो इंग्रजी चित्रपट दाखवला आणि हे आपल्याला जमेल का, असे विचारले. बाबूभाईंनी उत्तर शोधले ते काळ्या दोऱ्यात. गडद पार्श्वभूमी, तिच्यापुढे बारीक काळा दोरा, दिव्याचा कोन असा की दोऱ्यावर चकाकी येऊ नये, आणि चौकटीबाहेर बसून दोरा ओढणारा माणूस. पेला उचलला जातो, खुर्ची सरकते, वस्तू हवेत तरंगते, आणि प्रेक्षकाला वाटते की तिथे कोणीतरी आहे. या एका युक्तीने बाबूभाईंना जन्माचे टोपणनाव मिळाले : 'काला धागा'.

विज्ञानकथा कुठे असते, हा प्रश्न मला इथे पडतो. 'ख्वाब की दुनिया'च्या पडद्यावर तिचा अंश होता, पण तिचा मोठा भाग पडद्यामागे घडला. समोर परिणाम दिसतो आहे, कारण ठाऊक नाही. उपलब्ध साधनांतून तोच परिणाम पुन्हा घडवून दाखवायचा आहे. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात? शाळेची पायरी फारशी न चढलेल्या एका मुलाला असा प्रश्न देणे आणि त्याच्या उत्तरावर संस्थेचा पैसा लावणे, हे निर्मात्याचे काम. विजय भट्टांनी ते केले. निर्माता म्हणजे फक्त पैशाची थैली, असा आपला समज असतो. प्रश्न विचारणारा निर्माता इतिहासात सहजासहजी नोंदला जात नाही.

वेल्सचा प्रश्न आणि आपली गुटिका

मात्र एक गोष्ट वाटेत गळाली आणि तिचा हिशेब मांडणे हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

वेल्सच्या कादंबरीतला ग्रिफिन हा संशोधक आहे. त्याच्या अदृश्यतेमागे विचार आहे. काच पाण्यात बुडवली की कमी दिसते, कारण काच आणि पाणी यांच्या वक्रीभवनांकात फरक कमी असतो. शरीराचा वक्रीभवनांक हवेइतका झाला तर शरीर दिसणार नाही, ही ती कल्पना. तिच्यातली खोट रशियन लेखक याकोव्ह पेरेलमन यांनी मोठ्या मजेत दाखवून दिली : ज्याचे डोळेही पारदर्शक झाले त्याच्या डोळ्यांत प्रतिमा उमटणार कशी? असा माणूस जगाला दिसणार नाही, पण त्यालाही जग दिसणार नाही. तो ठार आंधळा असेल. विज्ञानकथेची गंमत अशी की तिच्यातली चूकही शिकवून जाते. शिवाय वेल्सचा दुसरा प्रश्न नीतीचा आहे. कोणी पाहत नसताना माणूस कसा वागेल? ग्रिफिन थंडीत उघडा फिरतो, उपाशी राहतो, कारण पोटातले अन्न पचेपर्यंत लोकांना दिसते. शेवटी तो सत्तेच्या नादाने माणुसकी हरवतो. सामर्थ्याची किंमत तो पुरेपूर मोजतो.

आपल्याकडे अदृश्य होण्याची कल्पना नवी नव्हती. पुराणांत ऋषी अंतर्धान पावत. सिद्धांच्या गोष्टींत गुटिका तोंडात धरली की माणूस दिसेनासा होई. आमच्या भागात अजूनही पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की भुईतले धन दिसते, अशा गोष्टी रंगवून सांगतात. वेल्सचा माणूस मुंबईत उतरला तेव्हा त्याच्यासाठी ही जागा आधीच सारवून ठेवलेली होती. प्रेक्षकाला 'कसे' हा प्रश्न पडलाच नाही. संशोधकाचे रसायन म्हणजे गुटिकेचाच इंग्रजी अवतार, असे त्याने मनोमन ठरवले.

अर्थकारणही तेच सांगत होते. ज्या दोऱ्याने अदृश्य माणसाचा पेला उचलला त्याच दोऱ्याने गदा आणि चक्रे फिरणार होती. विज्ञानकथेसाठी वेगळा विभाग ठेवणे कोणत्याही स्टुडिओला परवडले नसते. स्वतः बाबूभाईंचा पुढचा प्रवास पाहा. ते वाडिया बंधूंकडे गेले, १९५६ च्या 'हातिमताई'ची जादू उभी केली, 'संपूर्ण रामायण' (१९६१) आणि 'पारसमणी' (१९६३) दिग्दर्शित केले. विजय भट्टही 'नरसी भगत', 'भरत मिलाप', 'रामराज्य' या वाटेने गेले. प्रयोगशाळेचे दार उघडून आत डोकावलेले हे दोघे देवळाच्या मंडपात परतले. प्रेक्षक मंडपात होता, म्हणून तेही तिथे गेले. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. २० डिसेंबर २०१० रोजी बाबूभाई वारले तेव्हा त्यांची ओळख पौराणिकपटांचा जादूगार अशीच उरली होती.

मिस्टर एक्सची वंशावळ

अदृश्य माणूस मात्र मुंबईतून गेला नाही. १९५७ मध्ये नानाभाई भट्टांनी 'मिस्टर एक्स' काढला. अशोककुमार अदृश्य झाले, सोबत नलिनी जयवंत. हेच नानाभाई १९४२ च्या 'मुकाबला'त बाबूभाईंचे सहदिग्दर्शक होते. १९६४ मध्ये 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आला, त्यात किशोरकुमार. १९७१ च्या 'एलान'मध्ये विनोद मेहरांना अणुशक्तीची अंगठी मिळाली; ती तोंडात धरायची की माणूस गायब. गुटिका अंगठी होऊन परतली होती. १९८७ साली शेखर कपूरांचा 'मिस्टर इंडिया' आला, लेखक सलीम-जावेद. त्याच्या करामती पीटर परेरांच्या, म्हणजे होमी वाडिया आणि बाबूभाई मिस्त्री यांच्या पठडीतल्या. २०१५ साली पुन्हा 'मिस्टर एक्स'. दिग्दर्शक विक्रम भट्ट, निर्माते मुकेश भट्ट. विक्रम हे विजय भट्टांचे नातू आणि मुकेश हे नानाभाईंचे पुत्र. गाण्याची घराणी असतात तसे हे अदृश्यतेचे घराणे. ७८ वर्षांत तीन पिढ्यांनी एकच प्रश्न हाती घेतला.

या सगळ्यांत 'मिस्टर इंडिया' मला वेगळा वाटतो. तिथे अदृश्य होणारा माणूस आधीपासूनच अदृश्य आहे : भाडे थकलेला, पोरांच्या पोटाची चिंता असलेला साधा माणूस, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. लाल प्रकाशात तो दिसतो, हा नियमही कथेने ठरवून दिला आणि शेवटपर्यंत पाळला. नियम ठरवणे आणि तो पाळणे ही विज्ञानकथेची पहिली अट. पण याच चित्रपटात मूर्ती चोरणाऱ्यांना सोन्याचा हनुमान मारत सुटतो असा प्रसंग आहे. मूर्ती अर्थातच अदृश्य नायकाच्या हातात आहे. चोर मात्र बजरंगबलीचा धावा करतात आणि थिएटर टाळ्यांनी दणाणून जाते. प्रेक्षकाला आतली युक्ती ठाऊक आहे, पात्राला नाही. मोठ्या पडद्यावर विज्ञान आणि चमत्कार एकमेकांकडे पाहून इतके मोकळे हसल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

बाकी आकाशाकडे आपले निर्माते क्वचितच गेले. १९६७ साली, माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधी, दारासिंग 'चाँद पर चढाई'त चंद्रावर गेले, पण तिथे त्यांनी कुस्तीच केली. दूरदर्शनच्या काळात १९८९ च्या सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष', १९९८ मध्ये केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' यांनी लहान पडद्यावर अंतराळ आणले. पुठ्ठ्याचे यान आणि झगमगीत कपडे यांची आज चेष्टा होते. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे बसलेली आमची मुले मात्र दुसऱ्या दिवशी ग्रहांची नावे विचारत. याच काळात 'शक्तिमान' आला आणि प्रश्न पुन्हा 'कसे' वरून 'कोणाच्या कृपेने' वर गेला.

दोरा, पायातला

हा सगळा विषय मला केवळ छंदाचा वाटला असता, तर मी त्यावर दिवाळी अंकाची पाने अडवली नसती.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याचे आईवडील गावातच आहेत. बाबूभाईंची युक्ती मी वर्गात करून दाखवत असे. फळ्यापुढे काळ्या दोऱ्याला खडू बांधून तो हवेत तरंगवायचा आणि मागच्या बाकावरच्या मुलांना विचारायचे, 'खडू कोणी उचलला?' त्या मुलाने उत्तर दिले नाही. तो जागेवरून उठला, खिडकीपाशी गेला, बाजूने पाहिले आणि म्हणाला, 'सर, उजेड आडवा आला की दोरा चमकतो.' दिव्याचा कोन ही बाबूभाईंच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण. या पोराने ती अर्ध्या मिनिटात ओळखली होती.

त्याच पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून घरच्यांना आधी काही कळले नाही. पोट दुखते म्हणाला, मग पापण्या जड झाल्या. त्याला मारुतीच्या पारावर नेले. मंत्र झाला, पायाला काळा दोरा बांधला. पहाटे जीप मिळाली तेव्हा उशीर झाला होता. मी मातीला गेलो तेव्हा त्याच्या घोट्यावर तो दोरा तसाच होता.

दोरा बांधणारे त्याचे वैरी नव्हते. रात्रभर त्याच्या उशाशी बसलेली ती माणसे होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरची लस तयार होत असताना ती आपल्या तालुक्यापर्यंत येते आणि तीच औषध आहे, हा भरवसा त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवला नव्हता. सिनेमाने ही श्रद्धा निर्माण केली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. श्रद्धा सिनेमाहून फार जुनी आहे. मी एवढेच म्हणतो की ज्या माध्यमाच्या हाती दोऱ्याचे गुपित होते, त्याने ते गुपितच ठेवले. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. त्या कलमातला 'दोरे' हा शब्द वाचताना मला नेहमी तो घोटा दिसतो.

दोरा दाखवणारे

आपल्याकडे दोरा दाखवण्याचीही परंपरा आहे आणि ती सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत. नावातली अक्षरे उलटवून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी रोपट्याची वाढ चित्रित केली. कॅमेऱ्यापुढे बी रुजते, कोंब फुटतो, वेल चढते. दिवसांचे काम मिनिटांत दिसते. तिथे चमत्कार आहे तो निसर्गाचा आणि कॅमेरा फक्त त्याचा वेग वाढवतो. पुढे १९१७ मध्ये त्याच फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपट काढला आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. 'लंका दहन' ज्या वर्षीचा, त्याच वर्षीची ही गोष्ट. पेटती लंका दाखवणाऱ्याने आपला कारखानाही दाखवला.

साहित्यात हे काम मराठी विज्ञानकथेने केले. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक ना. वि. जगताप. हे नावही उलटवलेले होते; मागे जयंत विष्णू नारळीकर होते. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत म्हणून केलेली ही तजवीज. फाळक्यांनी नाव उलटवले ते जादूगार होण्यासाठी, नारळीकरांनी उलटवले ते कथा निखळ कथा म्हणून तपासली जावी यासाठी. नारळीकरांनी पुढे 'ब्रह्मांड' या मालिकेतून दूरदर्शनवरही आकाश समजावून दिले. २० मे २०२५ रोजी ते गेले.

आणि गावोगाव फिरणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते. नारळातून धूर काढून दाखवतात, मग पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनच्या बाटल्या पुढे करतात. प्रयोग आणि खुलासा, दोन्ही एकाच मंचावर. त्यांचा खेळ पाहताना मला वाटते, 'ख्वाब की दुनिया'च्या शेवटी पाच मिनिटे बाबूभाई आपला दोरा घेऊन पडद्यावर आले असते तर? लोकांची मजा मुळीच कमी झाली नसती. खडूचा दोरा दाखवल्यावर माझ्या वर्गातला एकही मुलगा कधी हिरमुसला नाही. उलट 'सर, मी करू?' म्हणत सगळे पुढे आले.

विजय भट्ट १७ ऑक्टोबर १९९३ रोजी गेले. त्यांच्या आठवणी निघतात तेव्हा राम निघतो, बैजू निघतो. माझे म्हणणे असे की त्यांच्या नावापुढे 'ख्वाब की दुनिया' ठळकपणे लिहिली जावी, आणि लिहिताना दोन्ही बाजू लिहाव्यात. त्यांनी वेल्सचा प्रश्न पडद्यावर अर्धाच आणला, हे खरे. ज्या काळात असा प्रश्न विचारण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती, त्या काळात त्यांनी तो एका पोरसवदा चित्रकारापुढे टाकला आणि त्याच्या हातून सोडवून घेतला, हेही तितकेच खरे.

औंढ्याजवळ

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाचे देऊळ आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरले, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नामदेवांचे नरसी इथून दूर नाही. विसोबा खेचरांनी नामदेवांना इथेच विचारले, जिथे देव नाही अशी जागा दाखव, तिथे माझे पाय ठेव. न दिसणाऱ्याचा विचार आमच्या मातीला नवा नाही आणि तो नेहमीच चमत्काराचा होता असेही नाही.

याच औंढ्याजवळ दुधाळा शिवारात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत निर्वात पोकळी, आणि मधून धावणारा लेझरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशाला जो हेलकावा बसतो, तो या किरणाच्या वाटेतल्या फरकावरून मोजायचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजारो पट कमी असतो. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही संस्था या प्रकल्पात भागीदार आहे. ज्याच्या पहिल्या कथेचे नाव 'कृष्णविवर', त्याची संस्था कृष्णविवरांचा ठाव घ्यायला हिंगोलीत आली. अशी जुळवाजुळव एखाद्या कथालेखकाने केली असती तर संपादकाने ती ओढूनताणून आणलेली म्हणून परत पाठवली असती.

या प्रकल्पाविषयी बोलायला मी आजूबाजूच्या शाळांत जातो. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सर, तिथे काय दिसणार?' मी सांगतो, काहीही दिसणार नाही. लहर अदृश्य आहे, कृष्णविवर अदृश्य आहे, निर्वात पोकळीतून सरळ धावणारा किरणही बाजूने पाहिला तर दिसत नाही. तरी ती लहर आली होती की नाही हे हिंगोलीत, अमेरिकेत आणि इटलीत बसलेली माणसे आपापल्या आकड्यांवरून पडताळून पाहतील, आणि ते आकडे जुळले नाहीत तर कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. मग मी खिशातून काळा दोरा काढतो, फळ्यापुढे खडू टांगतो, आणि वर्गातल्या सगळ्यांना जागेवरून उठून खिडकीकडच्या बाजूने बघायला सांगतो.